सेवेच्या दारावरील पाटी : शासकीय पोर्टलचा मेनू कसा निवडावा?

मामलेदार कार्यालयात प्रथमच येणारा नागरिक आवारात शिरताच भिंतीवरील पाटी शोधतो. कोणत्या कामासाठी कोणती खिडकी, अर्ज कोठे द्यावयाचा, शुल्क कोठे भरावयाचे, हे त्या पाटीवरून त्याला कळते. पाटी स्पष्ट असली म्हणजे तो सरळ खिडकीपाशी जातो. ती अस्पष्ट असली तर तो शिपायाला विचारतो, आणि शिपाई जागेवर नसला तर बाहेर बसलेल्या अर्ज लिहिणाऱ्याकडे वळून चार पैसे अधिक मोजतो. गेल्या काही वर्षांत दाखले, उतारे, परवाने आणि कल्याणकारी योजनांचे अर्ज संगणकावर व मोबाईलवर उपलब्ध होऊ लागले आहेत. त्यामुळे भिंतीवरील पाटीचे काम आता स्क्रीनवरील मेनूने करावयाचे आहे. येथे तर विचारावयास शिपाईही नसतो. मेनू समजला नाही तर नागरिक एकटाच पडतो.

एखाद्या खात्याचे पोर्टल तयार होत असताना ठेकेदार कंपनी बहुधा दोन-तीन नमुने समोर ठेवते आणि अधिकाऱ्यांनी त्यांतून एक पसंत करावा अशी अपेक्षा असते. अशा वेळी रंग, चित्रे आणि मांडणीचा देखणेपणा यांवर निर्णय होण्याचा संभव अधिक. वास्तविक मेनूची रचना ही दिसण्यावरून निवडावयाची बाब नव्हे. पोर्टलवर कोण येणार, किती वेळा येणार आणि कोणत्या साधनावरून येणार या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाली की रचना बव्हंशी आपोआप ठरते. ती कशी ठरते, याचा विचार या लेखात करावयाचा आहे.

मेनू म्हणजे काय?

हॉटेलात पदार्थांची यादी समोर येते, तिला आपण मेनू म्हणतो. तोच शब्द संगणकाच्या क्षेत्रात रूढ झाला. पोर्टलवर उपलब्ध असलेल्या सेवांची, क्रमवार लावलेली आणि बोटाच्या एका स्पर्शाने त्या त्या सेवेकडे नेणारी यादी म्हणजे मेनू होय. चांगल्या मेनूने नागरिकाच्या तीन प्रश्नांना उत्तर द्यावे : येथे काय काय मिळते? मी आता कोठे आहे? आणि येथून पुढे किंवा मागे कसे जावयाचे?

येथे एक भेद ध्यानात ठेवला पाहिजे. केवळ माहिती देणारे संकेतस्थळ वेगळे आणि ज्यावर काम करावयाचे असते ते वेब अ‍ॅप्लिकेशन वेगळे. खात्याचा इतिहास, अधिकाऱ्यांची नावे, परिपत्रके ही वाचावयाची सामग्री झाली. अर्ज भरणे, कागदपत्रे जोडणे, शुल्क देणे आणि तयार दाखला उतरवून घेणे ही कामे झाली. वाचणाऱ्याला एकदा वाट दाखविली की पुरते. काम करणाऱ्याला मात्र एका टप्प्यावरून दुसऱ्या टप्प्यावर पुनःपुन्हा ये-जा करावी लागते, म्हणून त्याच्यासाठी मेनू सतत हाताशी असावा लागतो. ही दोन्ही कामे एकाच यादीत कालविली गेली, की ‘निविदा’ आणि ‘अर्ज करा’ हे शब्द शेजारी शेजारी येतात आणि नागरिक गोंधळतो.

रचनेचे प्रमुख प्रकार

पहिला प्रकार आडव्या पट्टीचा. पानाच्या माथ्यावर डावीकडून उजवीकडे शब्द मांडलेले असतात. वृत्तपत्राच्या शीर्षकाखालील पट्टीप्रमाणे ती चटकन दृष्टीस पडते आणि खालची सारी जागा मजकुरासाठी मोकळी राहते. मुख्य विभाग पाच-सहाच असतील आणि ते वारंवार वाढणार नसतील, तर ही रचना योग्य ठरते. तिची मर्यादा रुंदीची. शब्द वाढले की पट्टी अपुरी पडते आणि उरलेले शब्द दुसऱ्या ओळीत तरी ढकलावे लागतात किंवा दडवावे तरी लागतात.

दुसरा प्रकार डाव्या बाजूच्या उभ्या यादीचा. जीमेलसारखी टपालसेवा संगणकावर वापरणाऱ्यांना ही रचना परिचित आहे : आलेली पत्रे, पाठविलेली पत्रे, मसुदे असे सारे एकाखाली एक असते आणि पत्र वाचीत असतानाही ती यादी जागची हलत नाही. आपली लिपी डावीकडून उजवीकडे जाते, म्हणून नजर प्रथम डाव्या कडेकडे वळते. उर्दू वा अरबी भाषेतील पानावर हीच यादी उजवीकडे ठेवावी लागते. उभ्या यादीत दहा-पंधरा शब्द सहज मावतात आणि पुढे एखादी सेवा वाढली तरी रचना मोडत नाही. मात्र ही यादी स्क्रीनची बरीच रुंदी व्यापते, म्हणून मोबाईलवर ती जशीच्या तशी ठेवता येत नाही.

तिसरा प्रकार दडलेल्या मेनूचा. कोपऱ्यात तीन आडव्या रेघांची एक लहानशी खूण असते. ती दाबली की यादी बाहेर सरकते. पावाच्या दोन कापांमध्ये भरलेल्या पदार्थासारखी ती दिसते, म्हणून तिला ‘हॅम्बर्गर’ असे नाव पडले. ही खूण नॉर्म कॉक्स यांनी १९८१ च्या ‘झेरॉक्स स्टार’ या संगणकासाठी रेखाटली होती. पुढे मोबाईलच्या अरुंद स्क्रीनमुळे तिचा सर्वत्र प्रसार झाला. जागा वाचते हा तिचा गुण. परंतु जे दिसत नाही ते आहे, हे लोकांना कळत नाही, हा तिचा मोठा दोष. नील्सन नॉर्मन ग्रुप या संस्थेने २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या, १७९ व्यक्तींच्या पाहणीत असे दिसून आले, की मोठ्या स्क्रीनवर दडलेला मेनू केवळ २७ टक्के प्रसंगी वापरला गेला, तर उघडा मेनू त्याच्या जवळजवळ दुप्पट प्रसंगी वापरला गेला. मोबाईलवरही सारा मेनू दडविला असता त्याचा वापर ५७ टक्के प्रसंगी झाला. महत्त्वाचे शब्द उघडे ठेवून उरलेले दडविले असता तो ८६ टक्क्यांपर्यंत गेला. रोज मोबाईल हाताळणारा तरुण ती खूण ओळखील. परंतु वर्षातून एकदा पोर्टल उघडणाऱ्या वृद्ध निवृत्तिवेतनधारकाला त्या तीन रेघा म्हणजे नक्षी वाटण्याचा संभव आहे. ही खूण वापरणे भागच असेल, तर तिच्याखाली ‘मेनू’ हा शब्द लिहावा. एवढ्या लहान उपायानेही बराच फरक पडतो.

चौथा प्रकार तळपट्टीचा. मोबाईलच्या स्क्रीनच्या खालच्या कडेला तीन ते पाच खुणा, प्रत्येकीखाली एक शब्द, आणि ही पट्टी कायम दिसणारी. स्टीव्हन हूबर यांनी २०१३ साली रस्ते, स्थानके अशा सार्वजनिक ठिकाणी मोबाईल हाताळणाऱ्या लोकांची १,३३३ निरीक्षणे नोंदविली. त्यांपैकी स्क्रीनला स्पर्श करून काम करणाऱ्यांतील ४९ टक्के लोक फोन एकाच हातात धरून काम करीत होते. अशा वेळी अंगठा वरच्या कोपऱ्यापेक्षा खालच्या व मधल्या भागापर्यंत सहज पोहोचतो. बसमध्ये एका हाताने दांडी धरून उभ्या असलेल्या माणसाच्या दृष्टीने ही सोय लहान नव्हे. पाचाहून अधिक शब्द मात्र तळपट्टीत मावत नाहीत.

पाचवा प्रकार चौकटींच्या पानाचा. मुखपृष्ठावर प्रत्येक सेवेची एक चौकट, तीत सेवेचे नाव आणि खाली एक ओळ स्पष्टीकरण. नवख्या माणसाला ही रचना सर्वांत सोपी जाते. कारण त्याला काही उघडावे लागत नाही, सारे समोर मांडलेले असते. दोष इतकाच, की आतल्या पानावर गेल्यावर या चौकटी दिसत नाहीत. म्हणून त्यांच्या जोडीला दुसरी एखादी कायम दिसणारी पट्टी असावी लागते.

यांशिवाय शब्दावर माऊस नेताच खाली उघडणाऱ्या याद्या अनेक जुन्या पोर्टलांवर आढळतात. त्या शक्यतो टाळाव्यात. मोबाईलवर माऊस नसतोच, आणि हात थरथरणाऱ्या व्यक्तीचा माऊस किंचित घसरला की उघडलेली यादी क्षणात मिटते. यादी उघडावयाचीच असेल तर ती क्लिक केल्यावर उघडावी आणि पुन्हा क्लिक करीपर्यंत उघडी राहावी.

निवडीचे तीन प्रश्न

आता मूळ प्रश्नाकडे वळू. समजा, एका खात्यास दाखले व उतारे देणारे पोर्टल उभारावयाचे आहे. त्यावर मुख्यतः दोन प्रकारची माणसे येतील.

पहिली व्यक्ती म्हणजे कार्यालयातील कारकून. ती सकाळपासून सायंकाळपर्यंत मोठ्या स्क्रीनसमोर बसून आलेले अर्ज तपासते, त्रुटी कळविते आणि प्रकरण वरिष्ठांकडे पाठविते. तिला रोज तीच कामे करावयाची असल्याने मेनूतील प्रत्येक शब्दाची जागा आठवड्याभरात पाठ होते. तिच्यासाठी डाव्या बाजूची उभी यादी उत्तम : ‘नवे अर्ज’, ‘त्रुटी कळविलेले’, ‘वरिष्ठांकडे पाठविलेले’, ‘निकाली’, ‘अहवाल’. प्रत्येक शब्दापुढे प्रलंबित प्रकरणांची संख्या दिसली तर काम आणखी सुकर होते.

दुसरी व्यक्ती म्हणजे नागरिक. सत्तरी तालुक्यातील एखाद्या दूरच्या वाड्यावरील गृहिणी मुलीच्या शिष्यवृत्तीसाठी उत्पन्नाचा दाखला मागते. ती पोर्टलवर वर्षातून एक-दोनदाच येणार आणि तेही मोबाईलवरून. गेल्या वर्षी कोठे काय दाबले होते, हे तिच्या ध्यानात राहणे शक्य नाही. केंद्र शासनाच्या निवृत्तिवेतनधारकांना दरवर्षी नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो, त्यांचेही असेच असते. अशा व्यक्तीसाठी मुखपृष्ठावर चौकटी आणि मोबाईलच्या तळाशी चार-पाच शब्दांची पट्टी ही रचना योग्य : ‘मुखपृष्ठ’, ‘अर्ज करा’, ‘माझे अर्ज’, ‘मदत’. मोठ्या स्क्रीनवर हेच शब्द माथ्यावरच्या आडव्या पट्टीत यावेत.

म्हणजे पोर्टल एकच असले तरी मेनू दोन असू शकतात, किंबहुना असावेत. कारकुनाच्या सोयीची लांब यादी नागरिकाच्या माथी मारू नये आणि नागरिकासाठी केलेल्या मोठ्या चौकटींनी कारकुनाचे काम मंद करू नये. कोण येते, किती वेळा येते आणि कशावरून येते, हे तीन प्रश्न आधी विचारले तर ठेकेदाराने दाखविलेल्या नमुन्यांपैकी कोणता उपयोगाचा हे सहज कळते. प्रसंगी एकही उपयोगाचा नाही, हेही कळते.

खात्याची रचना की जनतेची गरज?

मेनूत सर्वांत अधिक आढळणारा दोष रचनेचा नसून वर्गवारीचा असतो. खात्यात जितक्या शाखा तितके शब्द मेनूत येतात. ‘आस्थापना शाखा’, ‘लेखा शाखा’, ‘अभिलेख शाखा’ हे शब्द खात्यातील कर्मचाऱ्यांना परिचित असले, तरी आपला दाखला कोणत्या शाखेत मिळतो हे नागरिकाला ठाऊक नसते आणि ठाऊक असण्याचे कारणही नाही. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मालाची मांडणी विक्रेत्याच्या गावावरून होत नाही. ज्या त्या जिनसांची जागा ठरलेली असते. म्हणूनच नवखा माणूसही मिरचीसाठी मिरचीच्या रांगेत जातो. पोर्टलचेही तसेच असावे. ‘घर आणि जमीन’, ‘जन्म, विवाह, मृत्यू’, ‘शिक्षण’, ‘शेती’, ‘निवृत्तिवेतन व अर्थसाहाय्य’ अशी विभागणी लोकांच्या जीवनातील प्रसंगांनुसार केली, तर शाखांची नावे माहीत नसतानाही सेवा सापडते.

शब्दांच्या निवडीसही तेवढेच महत्त्व आहे. गोव्यातील शेतकरी ‘एक-चौदाचा उतारा’ म्हणतो, महाराष्ट्रातील शेतकरी ‘सात-बारा’ म्हणतो. मेनूत ‘अधिकार अभिलेख विवरण’ असा शब्द लिहिला, तर तो कितीही शुद्ध असला तरी तोच आपला एक-चौदा, हे शेतकऱ्याने कसे ओळखावे? लोकांच्या तोंडी असलेला शब्द मेनूत घ्यावा आणि कायद्यातील नाव आतल्या पानावर द्यावे. तसेच ‘सेवा’, ‘इतर’, ‘संकीर्ण’ असे मोघम शब्द टाळावेत. ‘इतर’ या शब्दामागे काय आहे ते उघडल्याखेरीज कळत नाही, आणि उघडण्याची उमेद प्रत्येकाला असतेच असे नाही.

किती शब्द असावेत?

मेनूत सातांहून अधिक शब्द नसावेत, असे सांगण्याची प्रथा आहे. या समजुतीचे मूळ अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांच्या १९५६ सालच्या एका प्रसिद्ध निबंधात आहे. परंतु तो निबंध माणसाच्या तात्कालिक स्मरणाविषयी आहे. मेनूतील शब्द डोळ्यांसमोरच असल्याने ते पाठ करावे लागत नाहीत. म्हणून साताचा आकडा येथे नियम म्हणून लागू होत नाही.

अधिक उपयुक्त निष्कर्ष विल्यम हिक आणि रे हायमन यांच्या १९५२ व १९५३ सालच्या प्रयोगांतून मिळतो. पर्याय वाढले की निवडीस लागणारा वेळ वाढतो, परंतु पर्याय दुप्पट झाले म्हणून वेळ दुप्पट होत नाही. यादीची मांडणी परिचित असेल तेव्हाच ही गोष्ट खरी ठरते. अनोळखी व विस्कळीत यादी शब्दागणिक वाचावीच लागते. याचा व्यावहारिक अर्थ असा, की दहा स्पष्ट शब्दांची एक यादी ही तीन मोघम शब्दांच्या पोटात तीन आणि त्यांच्या पोटात आणखी तीन अशा घडीव रचनेपेक्षा बरी. दार उघडले की दुसरे दार आणि ते उघडले की तिसरे, अशा घरात पाहुणा वाट चुकतो. दोन पायऱ्यांपेक्षा खोल जाणे शक्यतो टाळावे. जावेच लागले तर पानाच्या वरच्या बाजूस ‘मुखपृष्ठ – दाखले – उत्पन्नाचा दाखला’ अशी मार्गदर्शक ओळ द्यावी, म्हणजे आपण कोठे आहोत हे कळते आणि एका स्पर्शाने मागे जाता येते.

शब्दांचा क्रमही विचारपूर्वक ठरवावा. तालुक्यांची वा गावांची नावे वर्णानुक्रमे लावणे ठीक. सेवांची नावे मात्र मागणीच्या क्रमाने लावावीत. ज्या दाखल्यासाठी रोज शेकडो अर्ज येतात तो वर आणि ज्यासाठी क्वचित येतात तो खाली. ही आकडेवारी खात्याच्या आवक नोंदवहीत तयारच असते.

देवनागरी आणि तीन भाषा

पोर्टलचे नमुने बहुधा इंग्रजीत तयार होतात आणि मागाहून त्यांचे मराठी व कोकणी रूप केले जाते. येथेच अडचण उद्भवते. इंग्रजीतील आखूड शब्दाच्या जागी ‘वारंवार विचारले जाणारे प्रश्न’ किंवा ‘जन्म-मृत्यू नोंदणी’ असे शब्द आले, की इंग्रजीत नीट मावलेली आडवी पट्टी मराठीत मोडते. मग शब्द मध्येच तोडून पुढे तीन टिंबे दिली जातात आणि ‘उत्पन्नाचा दा…’ असे काहीतरी वाचावयास मिळते. उभ्या यादीत लांब शब्द दुसऱ्या ओळीत जाऊ शकतो. त्यामुळे भारतीय भाषांसाठी ती अधिक सोयीची आहे.

दुसरी बाब उंचीची. देवनागरीत शिरोरेषेच्या वर रफार, वेलांटी व अनुस्वार येतात आणि खाली उकार व जोडाक्षरांचे पाय येतात. रोमी अक्षरांसाठी ठरविलेल्या चौकटीत ते छाटले जातात. ‘पूर्तता’ या शब्दाचा रफार आणि ऊकार दोन्ही दिसतात ना, एवढे पाहिले तरी ही चूक वेळीच सापडते. यास्तव नमुन्यास मान्यता देताना तो मराठीत व कोकणीत, खऱ्या शब्दांसह, मोबाईलवर पाहूनच मान्यता द्यावी.

गोव्यात १९८७ च्या राजभाषा कायद्याने कोकणीस राजभाषेचा दर्जा दिला असून मराठीच्या वापराचीही तरतूद केली आहे. प्रशासनात इंग्रजीही चालते. म्हणून भाषा बदलण्याची सोय मेनूच्या पोटात दडवू नये. ती प्रत्येक पानाच्या माथ्यावर उघडी असावी आणि प्रत्येक भाषेचे नाव त्या त्या भाषेच्या लिपीत लिहावे. भाषा बदलताच नागरिक मुखपृष्ठावर फेकला न जाता त्याच पानावर राहावा आणि त्याने भरलेला अर्धा अर्ज नाहीसा होऊ नये, ही दक्षताही आवश्यक आहे.

सर्वांना वापरता यावा असा मेनू

केंद्र शासनाने शासकीय संकेतस्थळांसाठी मार्गदर्शक तत्त्वे २००९ साली प्रथम जारी केली आणि त्यांची तिसरी आवृत्ती २०२३ साली प्रसिद्ध झाली. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदाही माहिती व सेवा त्यांना सुलभ असाव्यात असा दंडक घालतो. मेनूच्या बाबतीत त्यातून पुढील गोष्टी निष्पन्न होतात.

दृष्टिहीन व्यक्ती स्क्रीनवरील मजकूर वाचून दाखविणाऱ्या प्रणालीच्या साहाय्याने पोर्टल वापरते. मेनू प्रत्येक पानाच्या आरंभी असल्याने दर वेळी सारी यादी ऐकावी लागते. ती ओलांडून थेट मजकुराकडे नेणारा दुवा पानाच्या अगदी आरंभी दिला, तर हा त्रास टळतो. ज्यांना माऊस हाताळता येत नाही त्यांना केवळ कळफलकाच्या साहाय्याने मेनूत फिरता आले पाहिजे. निवडलेला शब्द केवळ रंगाने दाखवू नये, त्याखाली रेघ वा ठळक अक्षर असावे. कारण काही व्यक्तींना रंगभेद कळत नाही. चित्रखुणेसोबत शब्द हवाच. मेनूचा क्रम व जागा सर्व पानांवर एकच हवी.

स्पर्शाच्या जागेचा आकार हाही महत्त्वाचा. पॉल फिट्स यांनी १९५४ साली दाखवून दिले, की लक्ष्य जितके मोठे आणि जवळ तितके ते चटकन व अचूक गाठता येते. अँड्रॉइड फोनसाठी गूगलने सुचविलेला स्पर्शजागेचा आकार सुमारे ९ मिलिमीटर आहे, म्हणजे साधारण बोटाच्या टोकाएवढा. शेतात वा समुद्रावर राबलेल्या हातांची बोटे जाड असतात. त्यांच्यासाठी ही शिफारस म्हणजे चैन नव्हे. शिवाय डोंगराळ भागात मोबाईलचे जाळे क्षीण असते. तेथे चित्रांनी नटलेला मेनू उघडेपर्यंत नागरिकाचा धीर सुटतो, तर साध्या शब्दांचा मेनू लगेच उमटतो.

पाच माणसे आणि कागदाची कार्डे

निवडलेली रचना योग्य आहे की नाही, हे ठरविण्यासाठी मोठा खर्च लागत नाही. दोन साध्या पद्धती कोणत्याही कार्यालयात वा शाळेत करून पाहता येतात.

पहिल्या पद्धतीत प्रत्येक सेवेचे नाव एकेका कार्डावर लिहावे. पोर्टल वापरणाऱ्या सामान्य व्यक्तींसमोर ती कार्डे टाकावीत आणि त्यांना एकत्र शोभतील असे गठ्ठे करावयास सांगावे. मग प्रत्येक गठ्ठ्यास त्यांनीच नाव द्यावे. लोकांच्या मनातील वर्गवारी कोणती आणि ते कोणते शब्द वापरतात, हे त्यातून कळते. दुसऱ्या पद्धतीत तयार झालेला मेनू कागदावर लिहून विचारावे : “आजीच्या अर्थसाहाय्याचा अर्ज कोठपर्यंत आला ते पाहावयाचे आहे. आपण कोठे बोट ठेवाल?” उत्तर चुकले तर समजावून सांगू नये, टिपून घ्यावे. चूक माणसाची नसते, मेनूची असते.

अशा चाचणीस फार माणसे लागत नाहीत. जेकब नील्सन यांनी २००० साली प्रतिपादिल्याप्रमाणे पाच माणसांच्या चाचणीतूनही बहुतेक ठळक दोष उघड होतात. ते दुरुस्त करून पुन्हा पाच माणसांना विचारावे. मात्र ही पाच माणसे कार्यालयातील सहकारी नसावीत. त्यांत एखादी वृद्ध व्यक्ती, एखादी गृहिणी, एखादा शेतकरी आणि दृष्टी मंद झालेली एखादी व्यक्ती असावी.

बदल करताना

एकदा ठरलेला मेनू वारंवार बदलू नये. खात्याच्या पत्रकांत, पंचायतीच्या फलकावर आणि शाळांना गेलेल्या सूचनांत ‘अमुक शब्द दाबा, मग तमुक शब्द दाबा’ असे छापलेले असते. पोर्टलवरील एक शब्द बदलला की ती सारी पत्रके निरुपयोगी होतात आणि छापील सूचनेवर विश्वासून गेलेला नागरिक भांबावतो. म्हणून बदल अटळ असेल तर त्याची पूर्वसूचना द्यावी, जुना शब्द काही काळ नव्याशेजारी ठेवावा आणि प्रसिद्धिपत्रके त्याच दिवशी दुरुस्त करावीत.

मेनूची निवड ही वरवर पाहता किरकोळ तांत्रिक बाब वाटते. परंतु तो एक शब्द न सापडल्याने शिष्यवृत्तीची मुदत टळते, दिवसाची मजुरी बुडवून तालुक्याच्या गावी जावे लागते, किंवा विनामूल्य असलेल्या सेवेसाठी मध्यस्थाला पैसे द्यावे लागतात. खात्यांच्या अधिकाऱ्यांनी नमुन्यास मान्यता देण्यापूर्वी वरील तीन प्रश्न विचारावेत आणि पाच नागरिकांकडून तो तपासून घ्यावा. शिक्षकांनी वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांकडून कार्डांचा प्रयोग करवून घ्यावा. भाषा, वर्गीकरण आणि नागरिकशास्त्र हे तिन्ही विषय त्यात एकत्र येतात. आणि ग्रामस्थांनी एखादी सेवा सापडली नाही तर आपल्याला संगणक कळत नाही असे मानून गप्प बसू नये. कोणता शब्द शोधला आणि कोठे अडले, एवढे दोन ओळींत खात्यास कळवावे. कार्यालयाच्या भिंतीवरील पाटी वाचता आली नाही तर ती बदलून मागण्याचा नागरिकास हक्क आहे. स्क्रीनवरील पाटीच्या बाबतीतही तो तितकाच आहे.